बीपीच्या गोळ्या, विम्याचा हप्ता आणि सरकारचा खर्च

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी दवाखान्याच्या खर्चाविषयी होती. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे आणि रुग्णालयांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : लोकांच्या खिशातून होणारा आरोग्यखर्च खूप कमी झाला, असे सरकारी आकडे सांगतात. आम्ही नवरा-बायको दोघेही निवृत्त, दोघांनाही बीपी आणि शुगर. मेडिकलचे बिल मात्र दर वर्षी चढतेच आहे. मग चूक आकड्यांची की आमच्या हिशेबाची? (एक निवृत्त शिक्षक, बार्शी)

उत्तर : आपल्या हिशेबात चूक नाही, आणि आकडाही खोटा नाही, तो आकडा काय मोजतो, हे मात्र बातमीत सहसा सांगितले जात नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, म्हणजे देशाच्या आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबानुसार, २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के रक्कम लोक स्वतःच्या खिशातून भरत होते आणि २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. हा वाटा आहे, रुपये नव्हेत. समजा, एखाद्या गावाचा वर्षाचा एकूण आरोग्यखर्च १०० रुपये होता आणि त्यांतले ६४ रुपये गावकऱ्यांचे होते. काही वर्षांनी एकूण खर्च २०० रुपये झाला, सरकार आणि विमा यांनी जास्त भार उचलला आणि गावकऱ्यांनी ८० रुपये भरले, तर त्यांचा वाटा ४० टक्क्यांवर आला, पण खिशातून १६ रुपये जास्त गेले. आपल्या घरात दिसतात ते हे १६ रुपये.

आणखी दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. २०२१-२२ हे कोविड लसीकरणाचे वर्ष होते. त्या वर्षी सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्क्यांपर्यंत गेला आणि साहजिकच लोकांचा वाटा त्या प्रमाणात आकसला. दुसरे असे की, खिशातील खर्चाचा हा अंदाज ज्या राष्ट्रीय नमुना पाहणीवर बेतलेला आहे, ती ७५वी फेरी जुलै २०१७ ते जून २०१८ या काळातली, म्हणजे साथीच्या आधीची आहे. तेव्हाच्या खर्चावरून पुढच्या वर्षांचा अंदाज बांधला गेला. सरकारी खर्च वाढला हे खरे आणि स्वागतार्ह आहे. परंतु लोकांचा भार किती हलका झाला, हे या एका टक्केवारीवरून ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

महागाईच्या आकड्याचेही तसेच आहे. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून इतकी वर्षे जो किरकोळ महागाईचा निर्देशांक काढला गेला, त्यात आरोग्यखर्चाचा हिस्सा ५.८९ टक्के धरलेला होता. तरुण कुटुंबाला तो कदाचित जुळेल; पण ज्या घरात दोन वृद्ध आहेत आणि दोघांच्याही गोळ्या कायमच्या आहेत, त्या घराच्या महिन्याच्या खर्चात औषधांचा हिस्सा याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे भाज्या स्वस्त झाल्या म्हणून महागाई उतरल्याचे जाहीर होते, तेव्हा आपल्याला ते पटत नाही.

आता प्रत्यक्ष गोळ्यांकडे येऊ. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधांवर २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार कमाल किंमत लागू असते आणि घाऊक किंमत निर्देशांकानुसार ती दर एप्रिलमध्ये बदलते. ही वाढ २०२२ मध्ये १० टक्क्यांहून अधिक, २०२३ मध्ये १२ टक्क्यांहून अधिक, २०२४ मध्ये जवळजवळ शून्य आणि २०२५ मध्ये १.७४ टक्के होती. जी औषधे यादीबाहेर आहेत, त्यांची किंमत कंपनी दर वर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. शुगरची मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि बीपीची टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन ही औषधे सुट्या गोळीच्या रूपात यादीत आहेत. दोन-तीन औषधे एकत्र असलेल्या अनेक गोळ्या मात्र यादीत नाहीत. माझ्या शेजारच्या काकूंचा गोळ्यांचा डबा परवा मी उघडून पाहिला. सकाळची एक आणि रात्रीची एक, अशा दोनच गोळ्या त्या घेतात आणि त्या दोन्ही मिश्र आहेत. आपणही आपला डबा घेऊन डॉक्टरांकडे जा आणि यातील कोणत्या गोळ्या सुट्या, यादीतल्या औषधांच्या रूपाने घेता येतील, हे विचारा. स्वतःच्या मनाने बदल मात्र अजिबात करू नका.

प्रश्न : वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालय महात्मा फुले योजनेच्या यादीत होते, तरी "आधी डिपॉझिट भरा, योजनेचे नंतर बघू" असे सांगितले गेले. सोने गहाण ठेवून पैसे भरले. योजनेचा उपयोग काय? (एक वाचक, जालना जिल्हा)

उत्तर : आपले पत्र वाचून फार वाईट वाटले, आणि दुर्दैवाने अशी पत्रे कायम येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेचेच पुढचे रूप आहे. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. २०२४ पासून ते पाच लाख रुपये झाले आणि पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांसह राज्यातील सर्व कुटुंबांना ती खुली झाली. ही योजना रोकडरहित आहे. मंजूर उपचारासाठी अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयाने रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तपासण्या, औषधे, जेवण आणि रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरच्या काही दिवसांची औषधे पॅकेजमध्येच धरलेली असतात. कागदपत्रे हाताशी नसतील, तर तातडीच्या वेळी दूरध्वनीवरून मान्यता घेण्याचीही सोय आहे.

म्हणून पुढच्या वेळी, किंवा ओळखीत कोणावर असा प्रसंग आला तर, पैसे भरण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा. तो जागेवर नसेल, तर १५५३८८ या क्रमांकावर फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा; पावतीविना दिलेला रुपया सिद्ध करता येत नाही. आपल्याकडे पावत्या असतील, तर आजही जिल्हा समन्वयकाकडे लेखी तक्रार करून परतावा मागा.

रुग्णालये असे का वागतात, हेही सांगायला हवे. पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि सरकारकडची देयके महिनोन्‌महिने थकतात, अशी तक्रार रुग्णालयांच्या संघटना वारंवार करतात. लहान गावातल्या वीस खाटांच्या रुग्णालयाला ती अडचण खरोखरच जाचते, हे मी मान्य करतो. मात्र देयके थकवायची सरकारने आणि त्याची वसुली व्हायची खाटेवरच्या रुग्णाच्या नातेवाइकाकडून, हे कोणत्याही सबबीवर चालवून घेता येणार नाही. सरकारने ठरवले तर किंमत किती खाली येऊ शकते, याचे उदाहरण आपल्या वडिलांच्या आजाराशीच संबंधित आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटवर, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीवर, कमाल किंमत लागू झाली, तेव्हा औषधयुक्त स्टेंटची सरासरी छापील किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. ती एका आदेशाने २९,६०० रुपयांवर आणली गेली. त्यानंतर अॅन्जिओप्लास्टी बंद पडली नाही.

प्रश्न : आरोग्य विम्यावरचा जीएसटी रद्द झाला म्हणतात, मग आमचा हप्ता का वाढला? (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी शून्य झाला. नोकरीच्या ठिकाणी मिळणाऱ्या गटविम्यावर तो कायम आहे. आपला मूळ हप्ता ३०,००० असेल, तर पूर्वी करासह ३५,४०० भरावे लागत. नूतनीकरणात मूळ हप्ता दहा टक्क्यांनी वाढला, तर ३३,००० होतात, म्हणजे एकूण कमीच. पण तो पंचवीस टक्क्यांनी वाढला, तर ३७,५०० होतात आणि करकपात कुठे गेली ते कळत नाही. आपण वयाच्या पुढच्या टप्प्यात गेला असाल, तर अशी उडी सहज बसते. शिवाय कर शून्य झाल्यामुळे कंपन्यांना स्वतःच्या खर्चावर भरलेल्या कराची वजावट मिळेनाशी झाली, तो भारही कुठेतरी धरला जातो. जुनी आणि नवी पावती शेजारी ठेवून फक्त मूळ हप्त्यांची तुलना करा आणि वाढीचे कारण कंपनीकडून लेखी मागवा. घरातील विमाधारक साठ वर्षांवरील असतील, तर जानेवारी २०२५ च्या विमा नियामकाच्या आदेशाप्रमाणे कंपनीला एका वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढ नियामकाशी विचारविनिमय केल्याशिवाय करता येत नाही.

प्रश्न : मला लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये मिळतात. त्यातले हजारभर सासूबाईंच्या गोळ्यांना आणि मुलाच्या दम्याच्या औषधाला जातात. गावात लोक म्हणतात, तुम्हा बायकांना पैसे दिले म्हणून दवाखान्यात औषध नाही. हे खरे आहे का? (एक वाचिका, परभणी जिल्हा)

उत्तर : ताई, हे बोलणे आपण मनाला लावून घेऊ नये. सरकारी दवाखान्यातला औषधांचा तुटवडा ही योजना जुलै २०२४ मध्ये सुरू होण्याच्या कितीतरी आधीचा आहे. मी स्वतः प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. आमच्या औषध निर्माण अधिकाऱ्याच्या साठा नोंदवहीत अॅम्लोडिपिनच्या ओळीपुढे, लाल शाईने, "निरंक" (साठा शून्य) हा शब्द सलग तीन महिने मी पाहिलेला आहे. मागणीपत्र जिल्ह्याला गेलेले, जिल्ह्याचे मुंबईला गेलेले, आणि समोर साठीतली एक बाई बसलेली, जिचा रक्तदाब १८०/११० आहे. मी तिला बाहेरून आणायची चिठ्ठी लिहून देत असे. ती चिठ्ठी घेऊन ती मेडिकलमध्ये गेली की थेट घरी गेली, हे मला कधी कळले नाही. त्या चिठ्ठ्यांचे ओझे आजही माझ्या मनावर आहे.

असे असले, तरी प्रश्नाची दुसरी बाजू टाळता येत नाही, कारण राज्याची तिजोरी एकच असते. लाडकी बहीण योजनेसाठी २०२४-२५ मध्ये ४६ हजार कोटी आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी रुपये धरले गेले. दुसरीकडे, २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्च करावा असे म्हटले होते. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली आहे. त्याच धोरणात केंद्र आणि राज्ये मिळून २०२५ पर्यंत सकल उत्पादनाच्या अडीच टक्के खर्चाचे उद्दिष्ट होते, तेही गाठले गेले नाही. आपल्या हातात आलेले पैसे चुकीचे आहेत, असे मी मुळीच म्हणत नाही. पहिल्यांदाच स्वतःच्या खात्यात स्वतःच्या नावाने पैसे आले, असे लिहिणाऱ्या कितीतरी भगिनींची पत्रे माझ्याकडे आहेत. मला बोच आहे ती पुढची. सरकारने दिलेले हजार रुपये आपण मेडिकलवाल्याला छापील किमतीने देता; तीच औषधे सरकारने राज्यासाठी एकगठ्ठा घेतली असती, तर ती फार कमी पैशांत आपल्या केंद्रावर फुकट मिळाली असती आणि आपले दीड हजार मुलाच्या शाळेला किंवा दुधाला उरले असते.

निवडणुकीच्या तोंडावर खात्यात पडलेले पैसे दिसतात, आणि कपाटात असलेल्या गोळ्या दिसत नाहीत. म्हणून राजकारणाला औषधांत रस नसतो, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही, कारण तमिळनाडूचा अनुभव वेगळा आहे. तेथे १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभी राहिली, प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखे पासबुक मिळाले. त्यात वर्षाची रक्कम आधीच नोंदवलेली असते आणि दवाखाना आपल्या गरजेप्रमाणे गोदामातून औषध उचलतो. प्रत्येक बॅच तपासूनच वाटली जाते. तेव्हापासून तेथे द्रमुक आणि अण्णा द्रमुक यांची सत्ता आलटून-पालटून आली, दोघांनीही टीव्हीपासून मिक्सरपर्यंत वस्तू वाटल्या, पण हे महामंडळ कोणी मोडले नाही. राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ रोजी काँग्रेसच्या सरकारने मोफत औषध योजना सुरू केली आणि नंतर आलेल्या भाजप सरकारनेही ती चालू ठेवली. थेट मदत आणि मोफत औषध या दोन्ही गोष्टी एकाच राज्यात नांदू शकतात. महाराष्ट्रात औषधखरेदी काही वर्षे हाफकिन या सरकारी औषधनिर्मिती महामंडळाकडे होती. २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सगळे मोफत झाले. निर्णय उत्तम आहे. परंतु सेवा मोफत केली की गर्दी वाढते, आणि वाढलेल्या गर्दीच्या हिशेबाने औषध आले नाही, तर "मोफत" या शब्दाचा अर्थ बाहेरची चिठ्ठी एवढाच उरतो.

प्रश्न : जनऔषधी केंद्रातील गोळ्या हलक्या दर्जाच्या असतात, असे आमचे डॉक्टर सांगतात. घ्याव्यात का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : घ्याव्यात. जनऔषधीची औषधे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत बॅचनिहाय तपासून मगच केंद्रांवर येतात आणि देशभर अशी पंधरा हजारांहून अधिक केंद्रे आहेत. दर्जाची भीती निराधार आहे असे नाही. पण ती फक्त स्वस्त औषधाला लावणे चूक आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपमधील डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी रसायनामुळे लहान मुले दगावली. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. ते सिरप ब्रँडच्या नावानेच विकले जात होते. खरी गरज आहे ती कारखान्यांच्या तपासणीची आणि औषध निरीक्षकांच्या रिकाम्या जागा भरण्याची. आपण गोळ्या बदलल्या, तर पहिले दोन आठवडे रक्तदाब आणि साखर मोजून लिहून ठेवा, आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. त्यांचाही विश्वास बसेल.

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या पाचच दिवसांच्या देतात. दर पाच दिवसांनी मजुरी बुडवून कोण जाणार? गावकरी म्हणून आम्ही काय करू शकतो? (ग्रामपंचायतीचे एक सदस्य, वर्धा जिल्हा)

उत्तर : आपण वर्ध्याचे आहात, म्हणून हा प्रश्न मला विशेष जवळचा वाटला. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात सुरू झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यात सिंधुदुर्ग, सातारा आणि भंडारा यांच्याबरोबर आपलाच जिल्हा होता. त्या उपक्रमाची पद्धत अगदी साधी आहे : ठरावीक दोन-तीन औषधे, ठरावीक क्रम, प्रत्येक रुग्णाचे कार्ड, आणि एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या. जो रुग्ण महिन्याच्या तारखेला आला नाही, त्याला फोन करायचा किंवा आशाताईंनी घरी जायचे. रक्तदाबाचा रुग्ण औषध सोडतो, त्याचे कारण बहुतेक वेळा निष्काळजीपणा नसतो. त्याला कसला त्रासच जाणवत नसतो आणि दवाखान्याची खेप म्हणजे बुडालेली मजुरी असते. पाच दिवसांच्या गोळ्या देणे म्हणजे त्याला औषध सोडायला लावणेच आहे.

केंद्रावरचे कर्मचारी पाचच दिवसांच्या गोळ्या देतात, ते बहुधा साठा पुरवून पुरवून वापरण्यासाठी. म्हणून त्यांच्याशी भांडण्यात शक्ती घालवू नका. बऱ्याचदा तेही आपल्याइतकेच हतबल असतात. आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे तीन गोष्टी विचारा : केंद्रात रक्तदाबाचे नोंदणीकृत रुग्ण किती, तीस दिवसांच्या हिशेबाने महिन्याला किती गोळ्या लागतात, आणि गेल्या सहा महिन्यांत किती आल्या. समजा, रुग्ण चारशे आहेत आणि प्रत्येकाला रोज एक गोळी लागते, तर महिन्याला बारा हजार गोळ्या हव्यात. आलेल्या गोळ्या दोन हजार असतील, तर पाच दिवसांचे कोडे तेथेच उलगडते. हे आकडे रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत इतिवृत्तात नोंदवून घ्या. ग्रामपंचायत सदस्य म्हणून आपण ती बैठक बोलावण्याचा आग्रह धरू शकता. समितीकडच्या निधीतून तुटवड्याच्या काळात स्थानिक खरेदी करता येते का, ते तपासा. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतूनही औषधखरेदी होते, त्यासाठी आपल्या जिल्हा परिषद सदस्यांना आणि आमदारांना हेच तीन आकडे लेखी द्या.

त्यानंतर ग्रामसभेचा ठराव करा. त्यात "औषधांचा तुटवडा आहे" असे मोघम लिहू नका. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अॅम्लोडिपिन पाच मिलिग्रॅमचा साठा निरंक होता आणि त्या काळात इतक्या रुग्णांना बाहेरून औषध घ्यावे लागले, असे लिहा. ठरावाची प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच घेतलेली प्रत आमच्याकडेही पाठवा. तीन महिन्यांनी त्याच केंद्रावर किती दिवसांच्या गोळ्या मिळतात, ते आपण याच सदरात छापू.